लातूरमध्ये कॉलनीत घरामागं कोंबड्या पाळू द्याव्यात का? शेजारी तक्रार करतात.

जरूर द्याव्यात, फक्त कोंबडा नको. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही आणि पहाटे गल्ली उठवतो तो तोच. निम्मं भांडण तिथंच मिटतं.

वास येतो तो ओल्या विष्ठेमुळं. खुराड्यात लाकडाचा भुसा चार बोटं पसरा, पाणी सांडलं की तेवढा भाग लगेच बदला. जुना भुसा कुजवून लिंबाच्या बुडाला घाला. खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवू नका.

मला खरी काळजी वाटते ती उन्हाळ्याची. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालची कोंबडी चोच उघडी ठेवून, पंख फाकवून धापा टाकते. पत्र्यावर तुराट्या अंथरा, बाजूला ओलं पोतं लटकवा, पाणी सावलीत ठेवा. पाच-सहाच्या वर कोंबड्या ठेवूच नका.

मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची, लस चुकवू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला होता, हे विसरू नका. एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर गुपचूप पुरू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. महापालिकेचा नियम काय आहे, तेही आधी विचारून घ्या.