मशेरी या वयात सुटेल का?

प्रश्न : वय ५४. लग्नानंतर सासूबाईंनी मशेरी लावायला शिकवलं. आता नातीसमोर लाज वाटते. सोडली की डोकं चढतं, चिडचिड होते. घरचे म्हणतात, या वयात कशाला?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, घरच्यांचं या एका बाबतीत ऐकू नका. डोकं चढतं ते निकोटीन सुटताना. पहिले तीन-चार दिवस फार वाईट, मग दोन-चार आठवड्यांत बरंच ओसरतं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढ्यात बडीशेप चघळा, पाणी प्या. तंबाखू भाजायचा तवा आणि डबी घराबाहेर काढा. सासूबाईंची आठवण म्हणूनसुद्धा ठेवू नका!

मला खरं धाडस वाटतं ते दुपारच्या ओट्यावरचं. चार बाया डबी पुढे करतात, तिथे ‘नको गं’ म्हणायचं. जाणं बंद करू नका, निवडायला मेथीची जुडी घेऊन जा. हात गुंतलेले राहतात. अडलंच तर १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेना, तर आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा.