अनुयायांनी केलेल्या वाईट कामांची जबाबदारी धर्मावर येते का?

माझ्या मते येते, पण सरसकट नाही. 'धर्म वाईट नसतो, माणसं वाईट असतात' हे सगळ्याच धर्मांचे लोक म्हणतात आणि मला ते अर्धंच पटतं, कारण हॉस्पिटल काढलं, भुकेल्याला जेवू घातलं की तेच लोक श्रेय धर्माला देतात, मग वाईट झालं की धर्म नामानिराळा कसा काय राहतो?

मी एवढंच बघतो की माणसाने ते शिकवण मोडून केलं की शिकवण पाळून. एखाद्या भाविकाने बँकेत घोटाळा केला तर त्यात धर्माचा काय संबंध. पण अस्पृश्यता घ्या, ती पाळणाऱ्यांना आपण पाप करतोय असं वाटतच नव्हतं, उलट शिवलं तर पाप वाटायचं. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिलं (आयोजकांना मजकूर झेपला नाही, संमेलनच रद्द केलं) त्यात हेच आहे, की लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नाही तर धार्मिक आहेत म्हणून, त्यामुळे भांडण त्यांच्याशी नाही, हे शिकवणाऱ्या शास्त्रांशी आहे.

आता कोणी म्हणेल ग्रंथातून ज्याला जे हवं ते काढता येतं. खरंय. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७७६ मध्ये आपल्या सदस्यांना गुलाम ठेवायला बंदी केली आणि तेच बायबल मानणाऱ्या दक्षिणेतल्या बाप्टिस्टांनी (हाही ख्रिस्ती पंथच) १८४५ मध्ये गुलामगिरीवरच्या वादातून, गुलाम मालकांची बाजू घेत, वेगळी संघटना काढली. पुस्तक एकच, त्यातलं काय वाचून दाखवायचं ते ठरवणारे वेगळे. पण हे ठरवणारे काही धर्माच्या बाहेरचे नाहीत ना, सामान्य माणसापर्यंत धर्म पोचतो तो यांच्यामार्फतच. त्या सदर्न बाप्टिस्टांनी १९९५ मध्ये, म्हणजे तब्बल १५० वर्षांनी, माफी मागितली. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही हे व्हॅटिकनने अधिकृतपणे लिहून दिलं १९६५ मध्ये. जबाबदारीच नव्हती तर हे सगळं करायची गरज काय होती?

गप्प बसणंही मी यातच धरतो. धर्माच्या नावाने घोषणा देत लोक कुणाला तरी मारतायत, आणि ज्याच्या एका शब्दावर लाखो लोक उठतात-बसतात तो म्हणतो हा आमचा विषय नाही! काय खावं, काय नेसावं, लग्न कुणाशी करावं यावर मत आहे आणि नेमकं इथेच नाही?

फक्त याचा अर्थ त्या धर्मात जन्मलेला प्रत्येक जण दोषी असा काढू नका प्लीज. ऑफिसमधल्या एखाद्याला पकडून 'तुमच्या लोकांनी असं का केलं' विचारणारे बघितले की डोकं फिरतं, त्या बिचाऱ्याला ना ग्रंथ लिहायचा अधिकार होता ना बदलायचा. तो स्वतः कुणाला देणगी देतो, कुणाच्या सभेत टाळ्या वाजवतो एवढं त्याला जरूर विचारा, बाकीचा जाब गादीवर बसलेल्यांकडे मागा.