'समाधान करून घे' म्हणजे नेमकं काय करायचं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे वडील गेले तेव्हा दुखवट्याला आलेल्या शेजारच्या कन्नड मावशी त्यांच्याशी मराठीत बोलताना म्हणाल्या, "समाधान करून घे गं बाई." पुण्याहून आलेल्या जावेला ते खटकलं. घरातलं माणूस गेलंय आणि समाधान कसलं? शाळकरी मुलगा म्हणाला, समाधान म्हणजे उत्तर, हिंदीच्या पुस्तकात 'समस्या का समाधान' असतं. भावाने 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' म्हणून विषय मिटवला. ताई विचारतात, यातलं बरोबर कोण? आणि पुढे त्यांनी जे विचारलंय त्यासाठीच मी हे एवढं लांबलचक लिहायला बसलो आहे: समाधानी माणूस म्हणजे प्रश्न विचारणं सोडून दिलेला माणूस का?

आधी मावशींचं बघू. त्या मनात कन्नडच बोलत होत्या. 'समाधान माडकोरी', म्हणजे शब्दशः 'समाधान करून घ्या', हे बेळगावच्या कोणत्याही गल्लीत कानावर पडतं. रडणाऱ्याला, चिडलेल्याला, रांगेत उतावीळ झालेल्याला, सगळ्यांना तेच सांगतात. 'समाधानदिंद केळ्री' म्हणजे शांतपणे ऐका. कन्नडने या शब्दातला धीर, सांत्वन, सावकाशपणा उचलला. तृप्तीसाठी तिच्याकडे 'तृप्ती' आहेच, आणि मनाच्या निवांतपणासाठी 'नेम्मदी' हा तिचा फार गोड शब्द आहे. मावशींनी 'माडको'चं 'करून घे' केलं, एवढंच. प्रमाण मराठीत तिथे 'धीर धर', 'सावर स्वतःला' असं म्हणू. जाऊबाईंचा गैरसमज साहजिक होता, पण मावशींच्या बोलण्यात चूक नव्हती.

हिंदीने याच शब्दातलं 'उकल' तेवढं ठेवलं आणि तृप्तीसाठी 'संतोष' घेतला. कन्नडमध्ये संतोष म्हणजे आनंद. आपल्याकडे पाहुणा आला की 'भाळ संतोष आतु', फार आनंद झाला, असं म्हणतात. मराठीत संतोष बोलण्यातून बराचसा मागे पडला, माणसांच्या नावात मात्र राहिला. तीन शेजारणींनी एकाच पेटीतले दागिने वाटून घ्यावेत तसं हे झालं आहे.

आता पेटीकडे. सम् आणि आ हे दोन उपसर्ग, आणि 'धा' हा धातू. धा म्हणजे ठेवणे. विधान, निधान, परिधान, अवधान ही सगळी त्याच घरची मंडळी, आणि 'समाधी' तर सख्खी बहीण. समाधान म्हणजे नीट, एकत्र, जागच्या जागी ठेवणं. गीतेच्या बाराव्या अध्यायात 'अथ चित्तं समाधातुं न शक्नोषि मयि स्थिरम्' असं आहे. चित्त माझ्या ठायी स्थिर ठेवता येत नसेल तर, असा त्याचा अर्थ. वेदान्तात शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी साधकाची सहा साधनं सांगितली आहेत. तिथेही समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रताच. दुसरीकडे शास्त्रचर्चेत एकाने आक्षेप घ्यायचा आणि दुसऱ्याने त्याचं समाधान करायचं, ही जुनी रीत. विस्कटलेलं चित्त असो की विस्कटलेला युक्तिवाद, क्रिया एकच: पसारा आवरून जे ते ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवायचं.

मराठीचा मला अभिमान वाटतो तो इथे. शंका फिटणं आणि मन निवणं हे दोन्ही अर्थ तिने आजपर्यंत एकत्र नांदवले. 'शंकासमाधान' आपण म्हणतो, 'समाधानकारक उत्तर' म्हणतो आणि 'समाधानी म्हातारा'ही म्हणतो. वादात कोणी 'माझं समाधान झालं नाही' म्हणालं, तर तो दुःखी आहे असं आपण समजत नाही. त्याला अजून पटलेलं नाही एवढंच कळतं.

खरी गंमत क्रियापदांत आहे. 'मी समाधान मानलं' यात कर्ता मी. हवं होतं ते मिळालं नाही, मिळालं त्यावर भागवलं. 'मला समाधान वाटलं' ही भावना. ती आली, उद्या जाईलही. 'माझं समाधान झालं' म्हणताना मात्र आपण षष्ठी वापरतो, आणि तिथे काहीतरी पुरं झालेलं असतं. शिवाय ते हुकमावर होत नाही. 'समाधान मान' असं कोणालाही सांगता येतं, पण 'तुझं समाधान होऊ दे' असं दरडावता येत नाही.

मी बेळगावात मराठी शाळेत गणित शिकवत होतो. ऋण गुणिले ऋण धन, हा नियम फळ्यावर लिहिला आणि नेहमीप्रमाणे "समजलं?" म्हणून विचारलं. सगळ्या माना हलल्या. येळ्ळूरकडून येणारी एक मुलगी तेवढी उभी राहिली. म्हणाली, "समजलं सर, पण समाधान न्हाई झालं." तिची उदाहरणं सगळी बरोबर होती. नियम पाठ होता, वापरताही येत होता, आणि तरी ती अडली होती. मी संख्यारेषा काढली, दिशा उलटण्याचं सांगितलं. ती मान हलवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सांगत आली: "पाच रुपयांचं देणं तीनदा माफ झालं तर आपल्याकडं पंधरा रुपये राहिले की, सर!" माफी म्हणजे ऋण, देणंही ऋण, आणि हातात धन. तिच्या घरी कर्ज आणि कर्जमाफी हे रोजचे शब्द असणार. त्यातूनच तिने वाट काढली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. त्या चेहऱ्यावर शंका फिटली होती आणि मनही निवलं होतं, आणि दोन्ही एकाच क्षणी. त्यानंतर वर्गात मी 'समजलं का' विचारणं सोडलं. 'समाधान झालं का' विचारायला लागलो. 'समजलं का'ला मुलं माना हलवतात, 'समाधान झालं का'ला थोडी थांबतात. त्या थांबण्यात विचार असतो.

माझी आत्या बेळगावातल्या शहापूरला साडी घ्यायला जायची तेव्हाही हाच शब्द. दुकानदार सांगायचा, पेठेतल्या सगळ्यांनी हीच नेली. आत्या साडी उजेडात धरायची, उलटी करायची, काठाचा जोड बघायची आणि म्हणायची, "माझं समाधान होईना बघ." सगळ्यांनी नेली, हे तिच्या लेखी कारणच नव्हतं. एकदा समाधान झालं की मात्र ती साडी दहा वर्षं नेसायची, आणि दुसरीच्या अंगावरची बघून हळहळायची नाही.

आता भावाचा अभंग. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान' ही ओळ आपल्याकडे कोणाला तरी गप्प करायला फार वापरतात, आणि मला ते मनापासून टोचतं. ज्या तुकोबांनी हे म्हटलं, त्यांनीच 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता' असंही म्हटलं आहे. ग्वाही म्हणजे साक्ष. फारसीतून आलेला कचेरीतला शब्द. खरंखोटं ठरवायला चार लोकांना बोलावलं नाही, स्वतःच्या मनाला साक्षीला उभं केलं. आणि हे त्या आत्मकथनाच्या अभंगात आहे, ज्यात दुष्काळाने पैसा आणि मान गेल्याचं आणि बायको अन्न अन्न करीत मेल्याचं ते सांगतात. अशा माणसाने 'समाधान' लिहिलं तेव्हा ते न विचारता गिळलेलं नव्हतं.

शब्दाकडेही बघा. 'ठेविले' आणि 'समाधान' या दोहोंत ठेवणंच आहे. परिस्थितीत आपल्याला ठेवणारा अनंत. चित्तात मात्र समाधान आपण 'असो द्यावे'. पहिलं आपल्या हातात नाही, दुसरं आहे. बहुमत न मानणारा माणूस हे सांगतोय, म्हणून माझ्या वाचनात 'राहावे'चा अर्थ 'विचार करू नकोस' असा होत नाही. ज्याची बैठक स्वतःच्या मनाने तपासून घातलेली आहे, त्याला जागा बदलली तरी फार हलावं लागत नाही.

म्हणून ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. प्रश्न सोडून दिलेल्या माणसाला मराठीत 'समाधान मानून घेतलेला' म्हणतात. 'समाधानी' म्हणावा तो ज्याचे प्रश्न त्याच्यापुरते जागेवर बसले आहेत असा. नवा प्रश्न आला की तो पुन्हा साडी उजेडात धरतो.

थोडं व्यवहाराचं. मुलाला सांगा, हिंदीच्या पेपरात 'समस्या का समाधान' बरोबर. मराठीत समस्येवर उपाय किंवा तोडगा निघतो, कोड्याची उकल होते, तक्रारीचं निवारण होतं. समाधान होतं ते माणसाचं किंवा शंकेचं. असाच सीमेवरचा आणखी एक शब्द म्हणजे 'परिहार'. मराठीत आक्षेपाचा परिहार करतात, कन्नडमध्ये परिहार म्हणजे उपाय आणि नुकसानभरपाईही. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आपल्याकडच्या मराठी घरांतही 'परिहार आला का' असं विचारत होते. कोल्हापूरच्या पाहुण्याला ते कळलं नसतं.

जावेला काय सांगायचं? मावशी 'समाधान मान' म्हणाल्या नाहीत, 'करून घे' म्हणाल्या, हे सांगा. कन्नडच्या 'को'मध्ये आणि मराठीच्या 'घे'मध्ये एकच अर्थ आहे: स्वतःसाठी, स्वतः. वडील का गेले, आपण अजून काही करायला हवं होतं का, हे प्रश्न महिना-दोन महिने येतच राहतात. दुसरं कोणी त्यांची उत्तरं देऊ शकत नाही, आणि मावशींनी ती द्यायचा प्रयत्नही केला नाही. त्या शेजारी बसून राहिल्या. 'धीर धर'पेक्षा मला त्यांचा शब्द जास्त जवळचा वाटतो, तो बेळगावी मराठीने टाकू नये.

निपाणी-चिकोडीकडे दुखवट्याला हाच शब्द वापरतात, की तिकडे 'दम धर' म्हणतात? त्या भागातल्या कोणी सांगितलं तर माझंही समाधान होईल.