‘अमूर्त’ की ‘निराकार’?

फ्रान्तिशेक कुप्का या चेक चित्रकाराच्या ‘अमॉर्फा: दोन रंगांचा फ्यूग’ (१९१२) या चित्रावर मराठीत लेख लिहिताना त्याला ‘निराकार’ म्हणावं की ‘अमूर्त’, असा प्रश्न आहे. ‘अमॉर्फा’च्या मुळाशी ‘आकारहीन’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, त्यामुळे ‘निराकार’ सरळ वाटतं. तरी मी ‘अमूर्त’च लिहीन.

चित्र डोळ्यांपुढे आणा. काळ्या-पांढऱ्यावर तांबडे आणि निळे वळसे एकमेकांत गुंतत गेले आहेत, कडा कापून काढल्यासारख्या स्वच्छ. इतक्या ठसठशीत आकारांचं चित्र निराकार कसं? याआधी कुप्कानं आपल्या सावत्र मुलीला चेंडूसह रंगवलं होतं. पुढच्या अभ्यासचित्रांतून मुलगी गेली, चेंडू गेला, फिरण्याची गती तेवढी राहिली. गेलं ते मूर्त.

‘मूर्त’ हे ‘मूर्छ्’ धातूचं रूप, आणि गोठणं, घट्ट होणं हा त्या धातूचा एक अर्थ. वस्तू होऊन थिजलं नाही ते अमूर्त. बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची दोन रूपं सांगितली आहेत, ‘मूर्तं चैवामूर्तं च’. म्हणजे अमूर्त हेही रूपच! मला याहून भक्कम आधार नको.

‘अप्रतिरूप’, म्हणजे कोणत्याही वस्तूचं प्रतिरूप नसलेलं, हा शब्दही चांगला आहे. भारतीय चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ऐवजी ‘नॉन-ऑब्जेक्टिव’ म्हणणं पसंत करत, तिथे तो शोभतो. कुप्काचं चित्र मात्र चेंडूपासूनच निघालं आहे.

‘फॉर्म’साठी दोन शब्द वापरा: एकेका वळशाला ‘आकार’, सबंध चित्राच्या बांधणीला ‘घाट’. आपल्या समीक्षेत रुळलेला ‘घाट’ इथे फार नेमका बसतो, कारण तो घडवायचं काम रंग करतात. तांबडा पुढे येतो, निळा मागे सरतो, आणि छायाप्रकाशाचा आधार न घेताही सपाट पट्टे एकमेकांच्या वरून-खालून जाताना दिसतात.

‘फ्यूग’चं ‘जुगलबंदी’ मात्र करू नका, मोह झाला तरी. जुगलबंदीत दोन कलावंत समोरासमोर असतात. फ्यूग या पाश्चात्त्य संगीतरचनेत एका आवाजानं सुरू केलेली सुरावट दुसरा आवाज उचलतो आणि मागोमाग धावतो. त्याच्या लॅटिन मुळातच पळण्याचा अर्थ आहे. तांबड्याचं वळण निळा असाच उचलतो. म्हणून शीर्षकात ‘फ्यूग’ तसाच ठेवा आणि लेखाच्या पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात तो समजावून द्या.