बॅटरीची पातळी दाखवणारे चार एलईडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : एका लिथियम-आयन सेलवर चालणारे छोटे उपकरण मी तयार केले आहे. सेल किती शिल्लक आहे हे चार एलईडींवर दिसावे, असे वाटते. मायक्रोकंट्रोलर न वापरता हे जमेल का?

उत्तर : उत्तम जमेल. त्यासाठी एलएम३३९ ही एकच आयसी पुरेशी आहे, कारण तिच्यात चार कंपॅरेटर असतात आणि ती २ व्होल्टपासून काम करते. कंपॅरेटरचे काम एवढेच, की त्याच्या दोन इनपुटांपैकी कोणते व्होल्टेज जास्त आहे ते सांगणे. त्यामुळे एका बाजूला न बदलणारे व्होल्टेज लागते. ते टीएलव्ही४३१ या रेफरन्स आयसीकडून १.२४ व्होल्ट इतके मिळते. सेलच्या धन टोकापासून १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून तिला प्रवाह द्यावा. दुसऱ्या बाजूला सेलच्या व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा द्यायचा असतो, आणि तो पाच रेझिस्टरांच्या एका शिडीतून घ्यावा. सेलच्या धन टोकापासून ग्राउंडकडे ६३.४, २.०५, १.८२, १.६२ आणि ३०.९ किलोओहम असे रेझिस्टर एकापुढे एक जोडले, की मधल्या चार जोडांवर सेल अनुक्रमे ३.४, ३.६, ३.८ आणि ४.० व्होल्टला पोहोचताच १.२४ व्होल्ट तयार होतात. पडताळून पाहायचे असेल, तर शिडीची बेरीज ९९.७९ किलोओहम येते, तिला १.२४ ने गुणून सर्वांत खालच्या ३०.९ ने भागल्यास ४.०० हा आकडा मिळतो.

प्रत्येक जोड एकेका कंपॅरेटरच्या उणे इनपुटला आणि रेफरन्स चारही अधिक इनपुटांना जोडावा. एलएम३३९चे आउटपुट ओपन कलेक्टर असल्यामुळे ते प्रवाह फक्त खाली ओढू शकते. म्हणून सेलच्या धन टोकापासून एलईडी, त्यानंतर ८२० ओहमचा रेझिस्टर आणि मग आउटपुटची पिन असा क्रम ठेवावा. लाल एलईडीवर साधारण १.९ व्होल्ट खर्च होतात, त्यामुळे ३.७ व्होल्टला प्रत्येक एलईडीतून सुमारे २ मिलिअँपिअर प्रवाह जातो. हातात धरलेल्या उपकरणावर एवढा उजेड पुरतो.

सर्वांत खालचा एलईडी ३.४ व्होल्टला ठेवण्याचा मी आग्रह धरतो. पुष्कळ जण तो ३.० व्होल्टला ठेवतात, परंतु साध्या लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज ३.४च्या खाली इतक्या वेगाने घसरते, की इशारा मिळेपर्यंत उपकरण बंद पडायला आलेले असते.

प्रश्न : माझ्याकडे पाच टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर आहेत. ते चालतील का?

उत्तर : चालणार नाहीत. शिडीच्या वरच्या आणि खालच्या भागांत पाच-पाच टक्क्यांची चूक उलट दिशांना झाली, तर एलईडी लागण्याचे व्होल्टेज अडीचशे मिलिव्होल्टांनी, म्हणजे जवळपास ०.२५ व्होल्टने सरकते. आपल्या दोन एलईडींमधले अंतर मात्र ०.२ व्होल्टच आहे. एक टक्क्याच्या रेझिस्टरांत हीच चूक फार तर ५० मिलिव्होल्टच्या आसपास राहते. शिडीचा एक गुण येथे सांगण्यासारखा आहे. मी सुरुवातीला प्रत्येक कंपॅरेटरला वेगळी रेझिस्टरजोडी दिली होती आणि रेझिस्टर पाच टक्क्यांचे होते. व्होल्टेज हळूहळू वाढवत गेलो, तेव्हा तिसरा एलईडी दुसऱ्याच्या आधी लागला. एकाच शिडीत सगळे जोड ओळीने असल्यामुळे मोजमाप थोडे सरकले, तरी एलईडींचा क्रम उलटत नाही.

सर्किट पूर्ण झाल्यावर सेलऐवजी व्होल्टेज बदलता येणारा पॉवर सप्लाय जोडावा, मल्टिमीटर थेट शिडीच्या दोन टोकांवर लावावा आणि ३.२ व्होल्टपासून सावकाश वर जात प्रत्येक एलईडी कोणत्या आकड्याला लागतो ते लिहून ठेवावे. दहा मिनिटांचे हे काम टाळू नये.

प्रश्न : मी टीएलव्ही४३१ऐवजी टीएल४३१ वापरला आणि शिडीची मूल्ये त्याप्रमाणे बदलली. सेल भरलेला असताना सर्व ठीक दिसते, पण ३.८ व्होल्टच्या खाली एलईडी कसेही लागतात. आयसी खराब असेल का?

उत्तर : आयसी बहुधा चांगली आहे. टीएल४३१चा रेफरन्स जवळपास २.५ व्होल्टचा असतो, आणि एलएम३३९च्या इनपुटांना पुरवठ्याच्या व्होल्टेजपेक्षा साधारण १.५ व्होल्ट खालीच राहावे लागते. सेल ३.६ व्होल्टवर आला, की ही मर्यादा २.१ व्होल्ट होते. रेफरन्स आणि शिडीचा जोड हे दोन्ही तिच्या वर गेले, की कंपॅरेटरच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा १.२४ व्होल्टचा रेफरन्सच वापरावा आणि शिडी पुन्हा वर दिल्याप्रमाणे करावी.

प्रश्न : उपकरणातला स्पीकर वाजू लागला, की एक एलईडी सतत लुकलुकतो. काय करावे?

उत्तर : येथे सर्किट खोटे बोलत नाही, सेलचे व्होल्टेज खरोखरच खाली-वर होत आहे. सेल, स्विच आणि तारा यांचा मिळून रोध ०.१५ ओहम धरला, तरी एक अँपिअर प्रवाहाला ०.१५ व्होल्टची घट होते, आणि एलईडीच्या सीमारेषेवर असलेल्या सेलला तेवढी घट पुरते. पहिला उपाय म्हणजे शिडीच्या टोकांना येणाऱ्या तारा थेट सेलच्या टोकांपासून आणाव्यात, म्हणजे निदान स्विच व तारांतली घट मोजमापात शिरणार नाही. दुसरा उपाय हिस्टेरेसिसचा. रेफरन्स प्रत्येक अधिक इनपुटला स्वतंत्र १० किलोओहममधून द्यावा आणि त्या कंपॅरेटरच्या आउटपुटपासून त्याच इनपुटला १ मेगाओहम जोडावा. असे केल्यावर एलईडी लागण्याचे आणि विझण्याचे व्होल्टेज सेलच्या हिशेबात सुमारे ६० मिलिव्होल्टांनी वेगळे होते आणि बारीक चढउतारांनी लुकलुक होत नाही. मोठ्या घटीसाठी हा आकडा वाढवत बसू नये. उपकरण शांत असताना वाचन घेणे बरे.

प्रश्न : हे सर्किटच बॅटरी संपवणार नाही का?

उत्तर : कायम चालू ठेवले तर नक्कीच संपवेल. चार एलईडींचे ८ मिलिअँपिअर, एलएम३३९चा एकाच्या आसपास आणि रेफरन्स व शिडीचा थोडा, असे सुमारे ९ मिलिअँपिअर होतात. १००० मिलिअँपिअर-तासांचा सेल त्यावर पाच दिवसांतच रिकामा होईल. म्हणून संपूर्ण सर्किटला, शिडीसकट, दाबून धरायच्या बटणातून पुरवठा द्यावा. फक्त शिडी बटणाआधी राहिली, तरी ती ४२ मायक्रोअँपिअर खाते, म्हणजे महिन्याला ३० मिलिअँपिअर-तास.

प्रश्न : दोन एलईडी लागले, म्हणजे बॅटरी पन्नास टक्के आहे असे समजावे का?

उत्तर : समजू नये. लिथियम-आयन सेलचा बराचसा चार्ज ३.९ ते ३.६ व्होल्टच्या सपाट पट्ट्यात वापरला जातो, त्यामुळे वरचा एलईडी लवकर विझतो आणि मधले बराच वेळ टिकतात. शिवाय थंडीत आणि जुन्या सेलमध्ये लोडखालचे व्होल्टेज अधिक पडते. नेमकी टक्केवारी हवी असेल, तर सेलमधून आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजत राहणारी फ्यूएल गेज आयसी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल ३.२ ते ३.३ व्होल्टवर जवळजवळ सगळा वेळ काढतो, म्हणून त्याला ही पद्धत लावूच नये.

प्रश्न : दिसायला छान वाटतात म्हणून चारही एलईडी निळे लावू का?

उत्तर : निळ्या एलईडीला जवळपास ३ व्होल्ट लागतात. सेल ३.४ व्होल्टवर आला, की ८२० ओहममधून त्याला नीट पेटवण्याइतका प्रवाह उरत नाही आणि ज्या वेळी त्याने ठळक दिसावे, नेमका त्याच वेळी तो मंदावतो. वरचा एक निळा चालेल, मात्र त्याच्या रेझिस्टरचे मूल्य ४७० ओहमच्या आसपास ठेवावे. सर्वांत खालचा लालच हवा.