अमारोने ही इटालियन वाइन बेदाण्यापासून करतात हे खरं का? आणि ती एवढी महाग का असते?

बेदाण्यापासून नाही, अर्धवट सुकवलेल्या द्राक्षांपासून. फरक बारीक वाटेल, पण सगळी वाइन त्यावरच उभी आहे. तासगावकडे बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि मणी झटपट सुकतो. व्हेरोना शहराच्या उत्तरेला, वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांवर, नेमकं उलटं हवं असतं. तिथे पाणी जितकं सावकाश उडेल तितकं चांगलं.

मुख्य जात कोर्विना. नियमानुसार तिचा वाटा ४५ ते ९५ टक्के, त्यातला काही भाग कोर्विनोने या दुसऱ्या जातीचा चालतो. शिवाय ५ ते ३० टक्के रोंदिनेल्ला ही तिसरी जात. कोर्विनाची साल जाड, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. तिच्या काडीच्या बुडाकडच्या डोळ्यांतून घड निघत नाहीत, त्यामुळे छाटणीत काडी लांब ठेवावी लागते. आपल्या द्राक्षबागायतदारांना ओळखीचा असलेला मांडव तिथे टिकून राहिला, त्याचं हे एक मोठं कारण.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घड हाताने तोडतात, तेही निवडून. विरळ मण्यांचे घड घेतात, गच्च घड बाजूला काढतात, कारण गच्च घडात हवा खेळत नाही आणि आतला एक फुटलेला मणी अख्खा घड नासवतो. मग उथळ क्रेटमध्ये एकच थर लावून ते हवेशीर माळ्यावर ठेवतात. या माळ्याला फ्रुत्ताइओ म्हणतात. पूर्वी क्रेटऐवजी आरेले, म्हणजे बोरूच्या चटया असत, त्याच ज्यांवर रेशीमकिडे पाळायचे. सुकवणं साधारण १०० ते १२० दिवस चालतं आणि वजन ३० ते ४० टक्के घटतं. या काळात मणी फक्त आटत नाही. सालीतली रसायनं बदलतात, मॅलिक आम्ल कमी होतं. घाईने सुकवलं तर साखर वाढते, पण चवीला ही खोली येत नाही.

सगळ्यात मोठा धोका ऑक्टोबरच्या दमट हवेचा. माळ्यावर धुकं शिरलं की राखाडी बुरशी धरते, म्हणून पंखे लावतात आणि घड पुन्हापुन्हा तपासून खराब मणी काढत राहतात. मजुरी इथेच जाते.

१ डिसेंबरआधी द्राक्षं चिरडायला साधारणपणे परवानगी नसते. तोवर थंडी पडलेली, रसात साखर २८ ब्रिक्सच्या आसपास, म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण २८ ग्रॅम. अशा रसात यीस्ट रखडतं. आंबवण मध्येच थांबली तर साखर उरते आणि व्हिनेगरचा वास यायची भीती असते. मुद्दाम थांबवली तर गोड रेचोतो मिळते. अमारोने म्हणजे तीच आंबवण शेवटपर्यंत नेलेली कोरडी वाइन; नावातला ‘अमारो’ म्हणजे कडू. अल्कोहोल किमान १४ टक्के, बहुतेक वेळा १५-१६.

आता किंमत. १०० किलो ताज्या द्राक्षांमागे नियमाने जास्तीत जास्त ४० लिटर वाइन. त्याच भागातल्या, त्याच नावाच्या साध्या वाल्पोलिचेल्ला वाइनला ७० लिटरपर्यंत परवानगी असते. शिवाय तोडणीनंतरच्या १ जानेवारीपासून किमान दोन वर्षं मुरवावी लागते, रिझेर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर तोडणीच्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून चार. माझ्या मते ही किंमत अवाजवी नाही. स्वस्तातली अमारोने दिसली तर मी सावध होईन, कारण निवड आणि सुकवणं यांतच काटकसर करणं सोपं असतं.

पहिल्यांदा चव घ्यायची असेल तर रिपासो घ्या. अमारोने गाळल्यावर उरलेल्या ओल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला ओतून तिला काही दिवस पुन्हा आंबवतात. चोथ्यातली उरलेली साखर आणि सालीतला रंग तिला भरदारपणा देतो, अल्कोहोलही थोडं वाढतं. चेरी आणि कडू बदामाची कोर्विनाची खूण तिच्यातही कळते. १६-१८ अंशांवर प्या. आपल्या घरातल्या तापमानाला अल्कोहोलच तेवढं नाकात जातं, त्यामुळे बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.