आधी लाकडाची रास बघा

वाचकांचे प्रश्न : विस्तवावरचं जेवण

प्रश्न : मुलगा अमेरिकेत नॅशव्हिलला नोकरीला आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघं दोन महिने त्याच्याकडे जाणार आहोत. इथं आलात की बार्बेक्यू खायचंच, असा त्याचा आग्रह. आम्ही बोकड आणि कोंबडी खातो. गाय आणि डुक्कर नाही. आमच्यासाठी तिथं काही आहे का? (एक आई, मनीषनगर)

उत्तर : आहे ताई. शिवाय तुमचा मुलगा अगदी मोक्याच्या गावी राहतो.

तिकडचं बार्बेक्यू म्हणजे आपल्यासारखं निखाऱ्यावर धरून झटपट भाजणं नव्हे. साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसच्या मंद आचेत, लाकडाच्या धुरात, मोठा तुकडा तासन्‌तास ठेवतात. प्रत्येक मुलखाचं जनावर वेगळं, लाकूड वेगळं. टेक्सासच्या मध्य भागात जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून ही रीत वाढली. गाईच्या छातीचा तुकडा, मीठ, मिरी आणि ओकचं लाकूड, एवढाच कारभार. कॅरोलायनात डुक्कर आणि व्हिनेगर. मेम्फिसला डुकराच्या बरगड्यांवर कोरडा मसाला. कॅन्सस सिटीला टोमॅटोचा दाट, गोडसर सॉस. मुलगा ही चार नावं घेईल, पण त्यांत तुमच्या ताटात येण्यासारखं थोडंच आहे.

तुम्ही दुसऱ्या दोन वाटा धरा. नॅशव्हिलहून गाडीनं दक्षिणेला दोनेक तासांवर अलाबामातलं डिकेटर लागतं. तिथं बिग बॉब गिब्सन यांनी १९२५ साली पांढरा सॉस काढला, मेयोनीज, व्हिनेगर आणि मिरीचा. हिकरी नावाच्या लाकडाच्या धुरात शिजलेली कोंबडी या सॉसात बुडवून देतात. आंबट, तिखटसर, आणि धुराच्या वासाला छान सोबत करणारा. दुसरी वाट उत्तरेची. केंटकीतलं ओवेन्सबरो हे गाव मेंढीच्या मटणाच्या बार्बेक्यूसाठी प्रसिद्ध आहे, आणि अख्ख्या अमेरिकेत ही गोष्ट फार कमी ठिकाणी मिळते. वयात आलेल्या मेंढीचं मांस, म्हणून ते रात्रभर मंद शिजवतात, वर वूस्टरशर सॉसचं काळं, आंबट पाणी मारत राहतात. तिथं ‘मूनलाइट बार-बी-क्यू इन’मध्ये बुफेत हे मटण मिळतं. मे महिन्यात जाणार असता तर त्या गावचा बार्बेक्यूचा उत्सवही बघायला मिळाला असता.

एक जपा. सोबतच्या उकडलेल्या शेंगदाण्यांसारख्या दिसणाऱ्या बीन्समध्ये आणि हिरव्या भाजीत पुष्कळदा डुकराचे तुकडे असतात. मागवण्याआधी विचारून घ्या. आणि दुपारी बारापर्यंत पोचा. चांगल्या जागी माल संपला की दार बंद होतं.

टेक्सासला लेकीकडे गेले होते तेव्हा तिनं मला लॉकहार्ट या बार्बेक्यूसाठी नावाजलेल्या गावी नेलं. मी तिथं फक्त धुरातली टर्की खाल्ली. पण आधी मागच्या बाजूला गेले, लाकडाच्या थप्प्या होत्या तिथं. माझ्या वडलांची नागपुरात इतवारीला लाकडाची टाल होती. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मी शाळेतून सुटले की वजनकाट्यापाशी बसायची. तिथं ओकच्या त्या ओंडक्यांना हात लावला, टोकाला पडलेल्या चिरा पाहिल्या, आणि हे लाकूड वर्षभर तरी वाळवलंय हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं नव्हे.

प्रश्न : मागच्या महिन्यात वर्धा रोडवरच्या एका नव्या हॉटेलात ‘स्मोक्ड चिकन’ मागवलं. वास औषधासारखा, जिभेवर कडवटपणा तासभर राहिला. वेटर म्हणाला, असंच असतं. खरंच असंच असतं का? आणि नागपुरात चांगलं कुठं मिळतं ते कसं ओळखायचं? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : नाही भाऊ, असं नसतं. कडू झालं म्हणजे लाकूड ओलं होतं, किंवा हवा कोंडून विस्तव घुसमटवला होता. ओल्या लाकडाचा धूर पांढरा, दाट येतो आणि मांसावर काजळीचा थर धरतो. नीट जळणाऱ्या विस्तवाचा धूर पातळ, निळसर, जवळपास दिसतही नाही. माझे वडील म्हणायचे, “ओलं लाकूड तोलात भरते अन् चुलीत रडते.” ज्यानं स्वस्तात ओलं लाकूड घेतलं त्याचं रडणं तुमच्या ताटात आलं. बाटलीतला तयार धूर चोळला तरी असाच औषधी वास येतो.

कापल्यावर कातडीखाली गुलाबी कडा दिसली तर कच्चं समजू नका. जळत्या लाकडातले वायू मांसातल्या रंगाला धरतात, त्यातून ती कडा येते. पण खात्रीचा पुरावा काट्याचा थर्मामीटर. कोंबडी आत ७४ अंशांवर पोचलेली हवी.

शोधायचं कसं, तर मेन्यूकार्ड उघडण्याआधी जळण बघा. संध्याकाळी सहा-साडेसहाला जा, शेगडी पेटवतात तेव्हा. बाभळीचा कोळसा असेल तर उत्तम, तो कडक आणि टिकाऊ. प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या फळ्या, खोक्यांच्या पट्ट्या जाळताना दिसल्या तर पाऊल मागे घ्या. कडुनिंबही नको. मग एकच सीख मागवा. ती तुमच्यासमोर सळईवर चढली की आधीची अर्धीमुर्धी भाजलेली पुन्हा गरम झाली, ते पाहा. खिमा सळईला नीट धरून राहिला आणि चरबीचे थेंब कोळशावर पडून छान वास सुटला, तर बसा. रमजानात मोमिनपुऱ्याला रोजा सुटायच्या वेळेला गेलात तर शेगडी एक मिनिट रिकामी दिसायची नाही. माल थांबत नाही, म्हणून ताजाच मिळतो. माझं मन अजूनही तिथंच रमतं. सावजीकडे मात्र ही अपेक्षा घेऊन जाऊ नका. तिथली कमाल मसाल्याच्या रश्श्यात आहे, धुरात नाही.

टेबलात शेगडी बसवलेल्या बुफे हॉटेलांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. तिथं सळया आतूनच भाजून येतात, टेबलावरच्या शेगडीवर फक्त गरम राहतात. मुलाबाळांना घेऊन जायला मजेशीर.

प्रश्न : गच्चीवर झाकणाच्या शेगडीत बोकडाची अख्खी तंगडी लावली. सुरुवातीला थर्मामीटरचा काटा भराभर चढला, मग ६८ अंशांवर दीड तास हलेना. घाबरून कोळसा वाढवला तर बाहेरून करपली, आतून चामडं. कुठं चुकलं? (एक हौशी, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : तुमचं चुकलं ते कोळसा वाढवला तिथं. काटा अडकतो तो सगळ्यांचाच. तिकडचे मुरलेले लोकही या टप्प्याला वचकून असतात.

तुमच्या खिडकीतला कूलर आठवा. मेच्या उन्हात वाळ्याच्या ताटीतून पाणी उडतं आणि हवा गार होते. तंगडीचंही तेच. आतला ओलावा वर येऊन उडत राहतो आणि जेवढी आच बाहेरून मिळते तेवढी तो घेऊन जातो. म्हणून काटा ठाण मांडतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे जास्तच जाणवेल. कोळसा वाढवून फक्त वरचा थर जळतो.

पुढच्या वेळी आच १२० अंशांवर धरा, निखारे एका कडेला आणि तंगडी दुसऱ्या. काटा ६८-७० ला थांबला की तंगडी गुंडाळा. टेक्सासवाले खाटकाचा जाड कागद वापरतात. मी पळसाची ओली पानं दोन थर लावते आणि वरून फॉइल. पानग्यांना पानं लावतो तशीच. उडणं थांबलं की काटा पुन्हा चालू लागतो. ९३ ते ९५ पर्यंत जाऊ द्या. त्या टप्प्यापर्यंत मांस जोडून ठेवणारा चिवट भाग वितळून त्याचं मऊ जिलेटीन होतं. ७० वर उतरवलीत तर ती चिवटच राहणार. सळई लोण्यात शिरावी तशी शिरली की झालं.

उतरवल्यावर लगेच कापू नका. पानांसकट जुन्या गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. पाहुणे आठला येणार असतील तर दुपारी एकलाच शेगडी पेटवा. तंगडी लवकर झालीच तर गोधडीत आणखी तासभर सहज गरम राहते.